इंग्लिश फुटबॉलमधील उत्पन्न-वाटप आणि लहान क्लब

साखळी स्पर्धेतील क्लबांनी सामन्यांचे प्रक्षेपण हक्क आणि मध्यवर्ती प्रायोजकत्व स्वतंत्रपणे न विकता एकत्र विकावे आणि आलेली रक्कम ठरलेल्या सूत्राने वाटून घ्यावी, या पद्धतीला उत्पन्न-वाटप म्हणतात. तिच्यामागचा तर्क साधा आहे. प्रतिस्पर्धी दुबळा झाला की सामन्यातील चुरस संपते आणि मग बलाढ्य क्लबाच्या सामन्यालाही गिऱ्हाईक उरत नाही. इंग्लंडमध्ये मात्र वरपासून खालपर्यंत बढती-पदावनतीची साखळी आहे आणि पैसा वेगवेगळ्या साखळ्यांच्या हाती आहे. त्यामुळे लहान क्लबाचे भवितव्य आपल्या श्रेणीत पैसे कसे वाटले जातात यावर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक वाटपाची सीमारेषा कोणत्या श्रेणीखाली ओढली आहे यावर अवलंबून असते.

1888 मध्ये 12 क्लबांनी स्थापन केलेली फुटबॉल लीग पुढे चार श्रेणी आणि 92 क्लबांपर्यंत वाढली. तिकीटविक्रीतील काही भाग पाहुण्या क्लबाला देण्याची रीत तिथे दीर्घकाळ होती आणि दूरचित्रवाणीकडून येणारी, त्या काळी किरकोळ असलेली, रक्कम सर्व 92 क्लबांत समान वाटली जाई. 1983 मध्ये यजमान क्लबाने घरच्या सामन्याची तिकीटविक्री स्वतःकडेच ठेवावी असे ठरले. मोठे मैदान असलेल्या शहरी क्लबांचा त्यात उघड फायदा होता. डिसेंबर 1985 मध्ये मोठ्या क्लबांनी लीगमधून फुटून निघण्याची धमकी दिल्यावर जो समझोता झाला, त्यानुसार दूरचित्रवाणी व प्रायोजकत्वाच्या उत्पन्नाचा अर्धा वाटा पहिल्या श्रेणीला, पाव वाटा दुसरीला आणि उरलेला पाव वाटा तिसरी व चौथी मिळून देण्यात आला. समान वाटपाचा अंत खरे तर इथेच झाला. 1992 चा घटस्फोट ही त्यानंतरची कागदोपत्री कारवाई म्हणावी लागेल. त्या वर्षी पहिल्या श्रेणीतील 22 क्लबांनी एकगठ्ठा बाहेर पडून प्रीमियर लीग स्थापन केली आणि स्काय व बीबीसीशी झालेला पाच वर्षांचा 30 कोटी 40 लाख पौंडांचा करार आपल्यापुरता ठेवला. मागे उरलेल्या 70 क्लबांचा त्यावर हक्क राहिला नाही.

प्रीमियर लीगने अंतर्गत वाटपासाठी स्वीकारलेले सूत्र मात्र युरोपातील इतर मोठ्या साखळ्यांच्या तुलनेत बरेच समतावादी होते. देशांतर्गत प्रक्षेपणाच्या उत्पन्नातील निम्मा भाग सर्वांना समान, पाव भाग गुणतक्त्यातील स्थानानुसार आणि पाव भाग किती सामने थेट दाखवले गेले त्यानुसार दिला जातो. परदेशी हक्कांची रक्कम 2019 पर्यंत पूर्णपणे समान वाटली जाई. त्यानंतर तिच्यातील वाढीव भाग स्थानानुसार दिला जाऊ लागला, पण सर्वाधिक आणि सर्वांत कमी मिळकतीचे प्रमाण 1.8 : 1 च्या वर जाऊ नये असे बंधन घालण्यात आले. 2018-19 च्या हंगामात लिव्हरपूलला 15 कोटी 24 लाख पौंड मिळाले. विजेतेपद मँचेस्टर सिटीने पटकावले होते, पण लिव्हरपूलचे सामने अधिक वेळा दाखवले गेल्याने रकमेत तो क्लब पुढे राहिला. तक्त्याच्या तळाशी अवघ्या 16 गुणांवर थांबलेल्या हडर्सफील्ड टाउनलाही 9 कोटी 66 लाख पौंड मिळाले. स्पेनमध्ये 2015 चा कायदा येईपर्यंत प्रत्येक क्लब आपले हक्क स्वतः विकत असे आणि रेआल माद्रिद व बार्सिलोना मिळून जवळजवळ निम्मी रक्कम नेत. त्या पार्श्वभूमीवर हडर्सफील्डचा वाटा उदारच म्हटला पाहिजे.

पण हीच उदारता रेषेखालच्या क्लबांना जाचक ठरते. शेवटच्या क्रमांकालाही एवढी रक्कम मिळते म्हटल्यावर तिथून खाली घसरणे हा आर्थिक कडेलोट होतो. तो सौम्य करण्यासाठी पदावनत क्लबांना ‘पॅराशूट पेमेंट’ दिले जाते. प्रीमियर लीगच्या समान वाट्याच्या 55 टक्के रक्कम पहिल्या वर्षी, 45 टक्के दुसऱ्या आणि 20 टक्के तिसऱ्या वर्षी मिळते. जो क्लब वरच्या श्रेणीत एकच हंगाम टिकला, त्याला तिसरे वर्ष मिळत नाही. म्हणजे पहिल्याच वर्षी चार कोटी पौंडांहून अधिक रक्कम हाती येते. त्याच चॅम्पियनशिप म्हणजे दुसऱ्या श्रेणीत खेळणाऱ्या, पण अलीकडे वर न गेलेल्या क्लबाला प्रीमियर लीगकडून मिळणारे ‘सॉलिडॅरिटी पेमेंट’ सुमारे 50 लाख पौंडांच्या घरात असते. ही तफावत भरून काढण्यासाठी बाकीचे क्लब मालकाच्या खिशातून पगार चढवतात. अनेक हंगामांत चॅम्पियनशिपमधील एकूण पगारखर्च एकूण उत्पन्नापेक्षाही जास्त झाला आहे.

या व्यवस्थेतून वाट काढण्याचे सर्वांत बोलके उदाहरण ल्यूटन टाउनचे आहे. या क्लबाचे केनिलवर्थ रोड मैदान घरांच्या रांगांना इतके चिकटून आहे की पाहुण्या प्रेक्षकांचे प्रवेशद्वार चाळीवजा घरांच्या ओळीतच उघडते आणि लोखंडी जिन्याने वर जाताना खाली लोकांची परसदारे दिसतात. 2009 ते 2014 ही वर्षे वरच्या चार श्रेणींच्या बाहेर काढून हा क्लब 2023 मध्ये प्रीमियर लीगमध्ये पोहोचला, तेव्हा थेट प्रक्षेपणाच्या अटी पूर्ण करण्यासाठी एक संपूर्ण स्टँड नव्याने बांधावा लागला. एका हंगामानंतर ल्यूटनची पदावनती झाली आणि पॅराशूटची रक्कम हाती असूनही पुढच्याच वर्षी तो क्लब तिसऱ्या श्रेणीत, लीग वनमध्ये, घसरला. 2023-24 आणि 2024-25 या दोन्ही हंगामांत वर आलेले तिन्ही क्लब त्याच वर्षी परत खाली गेले, हे पाहता रेषेच्या दोन्ही बाजूंमधील अंतर किती रुंदावले आहे याची कल्पना येते.

मराठी वाचकाला ब्लॅकबर्न रोव्हर्सचे उदाहरण जवळचे वाटेल. फुटबॉल लीग आणि प्रीमियर लीग या दोन्हींचा संस्थापक सदस्य असण्याचा मान ॲस्टन व्हिला आणि एव्हर्टनखेरीज केवळ याच क्लबाला आहे. लँकशायरमधील या गिरणगावाच्या क्लबाने स्थानिक पोलादव्यावसायिक जॅक वॉकर यांच्या पैशावर 1995 मध्ये विजेतेपद मिळवले. नोव्हेंबर 2010 मध्ये तो पुण्याच्या व्यंकीज या कुक्कुटपालन उद्योगसमूहाने विकत घेतला. 2012 मध्ये पदावनती झाली. त्या वेळच्या नियमानुसार चार वर्षे पॅराशूटची रक्कम येत राहिली आणि ती थांबल्यानंतरच्या पहिल्याच हंगामाअखेर, 2017 मध्ये, क्लब तिसऱ्या श्रेणीत गेला. व्यवस्थापनाच्या चुकांवर बोट ठेवणे सोपे आहे, परंतु पॅराशूटच्या पैशावर बेतलेला खर्च तो पैसा आटल्यावर पेलत नाही हा अनुभव ब्लॅकबर्नपुरता मर्यादित नाही.

चॅम्पियनशिपखालच्या दोन श्रेणींची स्थिती निराळी आहे. प्रीमियर लीगखालच्या तीन श्रेणी चालवणारी इंग्लिश फुटबॉल लीग (जुन्या फुटबॉल लीगचेच आजचे नाव) आपले प्रक्षेपण-उत्पन्न 80 टक्के चॅम्पियनशिपला, 12 टक्के लीग वनला आणि 8 टक्के चौथ्या श्रेणीला, म्हणजे लीग टूला, देते. म्हणजे वरच्या रेषेची छोटी प्रतिकृतीच खाली आहे. या क्लबांचे घर अजूनही मुख्यतः तिकिटे, खेळाडूंची विक्री आणि मालकाची उधारी यांवर चालते. मध्यवर्ती करारावर भरवसा ठेवण्याचा धोका 2002 मध्ये दिसला. त्या वर्षी आयटीव्ही डिजिटल ही दूरचित्रवाणी सेवा बुडाली आणि तिच्या 31 कोटी 50 लाख पौंडांच्या कराराच्या आधारे आधीच खर्च करून बसलेले अनेक क्लब अडचणीत आले. दोनदा एफए कप जिंकलेल्या आणि 1894 पासून लीगचा सदस्य असलेल्या बरी या क्लबाला ऑगस्ट 2019 मध्ये लीगमधून काढण्यात आले. तिथे मूळ दुखणे कर्जाचे आणि मालकीचे होते. वाटा थोडा वाढला असता तर बरी वाचला असता, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही.

वरून येणारा पैसा अटींशिवायही येत नाही. 2011 मध्ये खालच्या लीगच्या क्लबांनी युवा खेळाडूंच्या भरपाईचे नवे, ठरीव दर 46 विरुद्ध 22 मतांनी मान्य केले. अकादमींसाठी प्रीमियर लीगकडून मिळणारे अनुदान त्या निर्णयाला जोडलेले होते. परिणामी गुणी मुलगा मोठ्या क्लबाने अल्प भरपाईत उचलून नेणे सोपे झाले आणि 2016 मध्ये ब्रेंटफर्डने आपली अकादमीच बंद केली. लहान क्लबाला मिळणारा वाटा आणि त्याच्याकडून जाणारा वाटा यांचा हिशोब एकाच वहीत मांडला पाहिजे, तो सहसा मांडला जात नाही.

ऑक्टोबर 2020 मध्ये लिव्हरपूल आणि मँचेस्टर युनायटेड यांच्या पुढाकाराने मांडलेल्या योजनेत प्रक्षेपण-उत्पन्नाचा 25 टक्के वाटा खालच्या लीगला देण्याची आणि पॅराशूट बंद करण्याची तयारी होती, मात्र बदल्यात मतदानाची सूत्रे मोठ्या क्लबांकडे जाणार होती. प्रीमियर लीगच्या क्लबांनी ती फेटाळली. त्यानंतरच्या वाटाघाटीही रखडल्या. जुलै 2025 मध्ये मंजूर झालेल्या फुटबॉल गव्हर्नन्स कायद्याने स्वतंत्र नियामक नेमण्याची तरतूद केली असून, लीग आपसांत वाटपावर सहमत न झाल्यास हस्तक्षेप करून निर्णय देण्याचा अधिकार त्याला दिला आहे. विधेयकाच्या पहिल्या मसुद्यातून वगळलेली पॅराशूटची रक्कमही आता या अधिकाराच्या कक्षेत येते.