प्रॉम्स

प्रॉम्स : लंडनमध्ये दर उन्हाळ्यात भरणारा पाश्चात्त्य अभिजात संगीताचा महोत्सव. आयोजन बीबीसीकडे असल्याने ‘बीबीसी प्रॉम्स’ हे नाव रूढ आहे. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारपर्यंत, सुमारे आठ आठवडे, रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये जवळजवळ रोज संध्याकाळी मैफल असते. (आपल्याकडे तेव्हा झड लागलेली असते, तिथला उन्हाळा तो हाच.) ‘प्रॉमनाड’ म्हणजे फेरफटका. लंडनच्या बागांतून पूर्वी वाद्यवृंद वाजत आणि लोक फिरत, गप्पा मारत ते ऐकत. नाव तिथून आले. आता मैफलीत कोणी फिरत नाही. पण उभे मात्र राहतात, आणि महोत्सवाचा खरा जीव या उभ्या श्रोत्यांत आहे.

पहिली मैफल १० ऑगस्ट १८९५ रोजी क्वीन्स हॉलमध्ये झाली. तिथले व्यवस्थापक रॉबर्ट न्यूमन यांचा हिशेब सरळ होता : आधी लोकांच्या ओळखीचे वाजवायचे, मग हळूहळू कान तयार करत अवघड रचनांकडे न्यायचे. उभ्याचे तिकीट एक शिलिंग ठेवले. खाण्यापिण्याला, धूम्रपानालाही मुभा होती. गाणे चालू असताना काडी ओढू नये, एवढीच विनंती. पैसा पुरवला जॉर्ज कॅथकार्ट या कान-घशाच्या डॉक्टरांनी, तोही दोन अटींवर. संचालन हेन्री वुड या तरुणाकडे द्यायचे आणि वाद्यवृंदाची पट्टी उतरवायची. इंग्लंडमधली तेव्हाची पट्टी युरोपातल्या पट्टीपेक्षा अर्ध्या स्वराच्या जवळ जाईल इतकी चढी होती आणि तिच्यात गायकांचे गळे ताणले जातात, असे या डॉक्टरांचे म्हणणे. दुसऱ्याच्या पट्टीत गावे लागलेल्या कोणालाही ते पटेल.

वुड यांनी पुढे जवळजवळ अर्धशतक हा महोत्सव ओढून नेला. सोमवारी वाग्नर, शुक्रवारी बेथोव्हेन असे वार ठरून गेले. जास्त पैशांचे काम मिळाले की वादकाने स्वतः न येता बदली माणूस पाठवायचा, ही लंडनमधली रीत त्यांच्या वाद्यवृंदात १९०४ मध्ये बंद झाली. तेव्हा चाळिसेक वादक बाहेर पडले आणि त्यांनी लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. १९१३ मध्ये वुड यांनी सहा स्त्री-वादकांना वाद्यवृंदात घेतले. १९२७ मध्ये बीबीसी आली आणि मैफली रेडिओवरून घरोघर पोहोचल्या.

१० मे १९४१ च्या रात्री जर्मन बॉम्बहल्ल्यात क्वीन्स हॉल जळून गेला. त्याच वर्षी प्रॉम्स अल्बर्ट हॉलमध्ये आले आणि तिथेच राहिले. वुड १९४४ मध्ये वारले. क्वीन्स हॉलच्या ढिगाऱ्यातून वाचलेला त्यांचा ब्राँझचा अर्धपुतळा हंगामभर व्यासपीठामागे, ऑर्गनच्या पुढ्यात असतो. शेवटच्या रात्री प्रॉमर मंडळी, म्हणजे उभ्याने ऐकणारे श्रोते, त्याला हार घालतात. अल्बर्ट हॉलचा १८७१ चा हा प्रचंड लंबगोल घुमट इतका घुमायचा, की इथे नवी रचना एकदा वाजवली तरी दोनदा ऐकायला मिळते अशी थट्टा चाले. १९६९ मध्ये छताखाली फायबरग्लासच्या मोठ्या तबकड्या टांगल्यावर तो घुमारा बराच आटोक्यात आला.

हॉलच्या मधल्या अरिनातल्या, म्हणजे व्यासपीठापुढच्या मोकळ्या जागेतल्या, खुर्च्या प्रॉम्ससाठी काढून टाकतात. त्यामुळे स्वस्तात स्वस्त तिकीटवाला कलाकाराच्या सर्वांत जवळ असतो आणि महाग खुर्च्या मागे, वर. अगदी वरच्या गॅलरीतही उभ्याने ऐकता येते. आपला रसिक मांडी घालून ऐकणारा. तासभराची सिंफनी उभ्याने ऐकायची तर पायांनाही रियाज हवा. या मंडळींच्या स्वतःच्या रीती आहेत. पियानोचे झाकण उचलताना अरिनातून ‘हीव्ह’ अशी आरोळी उठते आणि गॅलरीतून ‘हो’ असे उत्तर येते (जड ओझे ओढताना इंग्रज खलाशी घालत ती ही ‘हीव्ह-हो’ साद). सूर जुळवायला कोणी पियानोची एक पट्टी दाबली, की तेवढ्यालाही टाळ्या. पण संगीत सुरू झाल्यावर तिथली शांतता अशी, की पान उलटल्याचा आवाज येतो.

२१ ऑगस्ट १९६८ ची मैफल मात्र आरडाओरड्यातच सुरू झाली. सोव्हिएत फौजा त्याच दिवशी चेकोस्लोव्हाकियात घुसल्या होत्या, आणि व्यासपीठावर होता सोव्हिएत सरकारी वाद्यवृंद. योगायोग असा, की चेक संगीतकार द्व्होर्झाक याचा चेलो कन्चेर्टो आधीच ठरलेला. सोव्हिएत चेलोवादक मस्तिस्लाव्ह रोस्ट्रोपोविच तो रडत वाजवत होते. वादन संपल्यावर त्यांनी, जणू चेक लोकांच्या बाजूने, द्व्होर्झाकच्या स्वरलिपीची वही उंच धरली.

शेवटच्या रात्रीचे स्वरूप निराळे. १९०५ मध्ये ट्रफाल्गारच्या सागरी लढाईच्या शताब्दीसाठी वुड यांनी बांधलेली सागरी गीतांची मालिका, एल्गार या इंग्रज संगीतकाराचे मार्च, झेंडे, टोप्या, शिट्ट्या असा सगळा जल्लोष. जगाला प्रॉम्स माहीत आहेत ते बहुतेक या एका रात्रीमुळे, आणि हा बाकीच्या आठ आठवड्यांवर अन्यायच आहे. साम्राज्याचा अभिमान मिरवणाऱ्या त्या गीतांवरून वादही होतात. २०२० मध्ये ती शब्दांवाचून वाजवायचे ठरले होते, टीकेनंतर शब्द परत आले. २००१ मध्ये अमेरिकेतील हल्ल्यांनंतर कार्यक्रम बदलून अमेरिकन संगीतकार बार्बरचे ‘अडाजिओ’ हे संथ, शोकमग्न संगीत वाजवले गेले. २०२२ मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या निधनामुळे ही रात्र रद्दच झाली.

बीबीसीचे संगीतप्रमुख विल्यम ग्लॉक यांनी प्रॉम्स सांभाळले त्या काळात (१९६०–७३) महोत्सवाची दारे नव्या आणि परक्या संगीताला उघडली. १९७१ मध्ये उस्ताद इमरत खाँ यांचे वादन इथे झाले. २०१७ मध्ये रविशंकर आणि फिलिप ग्लास यांचे ‘पॅसेजेस’ अनुष्का शंकर यांच्या सतारीसह सादर झाले. मराठी वाचकाला जवळची वाटेल ती २०२३ ची मैफल : लता मंगेशकरांच्या गाण्यांना वाहिलेला प्रॉम, ज्यात बर्मिंगहॅमच्या सिंफनी वाद्यवृंदासह पलक मुच्छल गायल्या. याच हॉलमध्ये १९७४ मध्ये लताबाई स्वतः गायल्या होत्या. तो कार्यक्रम प्रॉम्सचा नव्हता.