टूथपेस्टने ओरखडा भरत नाही

"टूथपेस्ट घासा, गाडीवरचा कुठलाही ओरखडा गायब!" हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. पटतो, कारण घासल्यावर खरंच फरक दिसतो.

टूथपेस्टमध्ये दात घासायची बारीक पूड असते. ती ओरखडा भरत नाही, आजूबाजूचा थर झिजवते. कडा बोथट झाल्या की ओरखडा कमी दिसतो, इतकंच. आजच्या गाड्यांना रंगावर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक संरक्षक थर असतो, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग). १९७०च्या दशकातल्या बऱ्याच इम्पोर्टेड स्पोर्ट्स कारवर, साध्या (मेटॅलिक नसलेल्या) रंगात, तोही नसतो. झिजतो तो थेट मूळ रंग. लाल गाडी पांढऱ्या फडक्याने पुसा, फडक्यावर लाली उतरली तर क्लिअर कोट नाही असं समजा. असा रंग जपायलाच हवा.

ओरखडा धुऊन त्यावर पाणी टाका. दिसेनासा झाला तर वरवरचा, पॉलिश पुरे. नख अडकलं तर टच-अप, म्हणजे तेवढ्या जागी रंग भरणं लागेल. पत्रा दिसत असेल तर आधी गंज काढून प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा थर), मग रंगाचे पातळ हात. गाडीच्या रंगाच्या कोडप्रमाणे आणलेला रंगही उन्हाने विटलेल्या गाडीवर वेगळा दिसू शकतो, म्हणून आधी आडोशाच्या जागी लावून बघा. आणि नागपूरच्या मे महिन्यात हे काम उन्हात नकोच; तापलेल्या पत्र्यावर रंग नीट पसरायच्या आत वाळतो. सकाळी, सावलीत करा.