वाऱ्याचे वजन

नांगरटीपूर्वी ट्रॅक्टरच्या मागच्या टायरांत पाणी भरून घेणे ही आमच्या यवतमाळकडील काळ्या मातीतली नित्याची बाब आहे. वजन वाढले की चाक जागच्या जागी फिरत नाही, माती धरते. फॉर्म्युला वन शर्यतीची मोटार समजून घ्यायची तर सुरुवात येथूनच करावी.

गाडीला वळणावर आत खेचणारे बल टायरच्या घर्षणातूनच मिळते. वजन दुप्पट केले तर घर्षण वाढते खरे, पण तीच गाडी वळवायला बलही दुप्पट लागते आणि हिशेब जिथल्या तिथे राहतो. त्यामुळे टायरला दाबेल, पण स्वतः वळवावा लागणार नाही, असा भार अभियंत्यांना हवा होता. तो त्यांना हवेत सापडला. विमानाचा पंख उलटा बसवला की तो गाडीला खाली दाबतो. असे पंख १९६८मध्ये या मोटारींवर आले. पुढे १९७७च्या लोटस ७८ या मोटारीने गाडीच्या तळाचाच उपयोग केला. तळाखालच्या अरुंद वाटेने जाताना हवेचा वेग वाढतो, तिचा दाब घटतो आणि गाडी रस्त्याकडे ओढली जाते.

हा भार वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणजे वेग दुप्पट तर भार चौपट. म्हणूनच वेगवान वळणावर चालक बिचकून सावकाश गेला तर त्याची पकडही घटते, आणि मला तरी या खेळातली सर्वांत विलक्षण गोष्ट हीच वाटते. अशा वळणांवर चालकाच्या मानेला हेल्मेटसह डोक्याच्या सुमारे पाचपट भार आडवा सोसावा लागतो.

पुढच्या गाडीमागची हवा घुसळलेली असल्याने मागच्या गाडीला हा भार पुरेसा मिळत नाही व पुढे जाणे अवघड होते. साहजिकच सुरुवातीचा क्रम ठरवणाऱ्या आदल्या फेरीला मोल येते. शंकरपटात बैलजोडीची वेळ सेकंदाच्या अंशापर्यंत मोजतात, तशीच येथे प्रत्येकाची एक चक्कर मोजली जाते. मुख्य शर्यत साधारण ३०५ किलोमीटरची, मोनॅकोत मात्र २६०ची. पहिल्याला २५ गुण, दहाव्याला एक.

राहिला टायर. मऊ टायर घट्ट पकडतो पण लवकर झिजतो, टणक टिकतो पण कमी धरतो. कोरड्या शर्यतीत किमान दोन प्रकार वापरावेच लागतात, आणि चारही चाके दोन-तीन सेकंदांत बदलली जातात. पाऊस आला की खाचांचे टायर चढवतात, कारण गुळगुळीत टायर पाण्याच्या थरावर तरंगू लागला, तर वाऱ्याने वरून कितीही दाबले तरी त्याला रस्ता सापडत नाही.