डिफरन्शियलमध्ये पाणी शिरतं कुठून?

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या पुढे बामणोलीच्या बाजूला कच्च्या वाटेला लागलं, की पावसाळ्यात एखादा ओढा आडवा येतोच. गाडी फोर बाय फोर, पाणी गुडघाभर, त्यामुळे पार व्हायला अडचण नसते. काही आठवड्यांनी मागच्या ॲक्सलच्या मध्यातून, म्हणजे इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटून देणाऱ्या डिफरन्शियलमधून, घूंऽऽ असा आवाज सुरू होतो, तोवर ओढा विसरलेला असतो. ऑइल काढून बघावं तर दुधाच्या चहासारखं!

घाट चढताना डिफरन्शियलमधल्या क्राऊनचे (मोठं दातेरी चाक) आणि पिनियनचे (त्याला फिरवणारं छोटं चाक) दात एकमेकांवर घासून हौसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, तापतं आणि आतली हवाही तापते. समजा ती ८० अंश सेल्सिअसला आहे आणि ओढ्यात शिरल्यावर २५ अंशांवर आली. केल्व्हिनमध्ये मोजलं तर ३५३ वरून २९८. बाहेरची हवा आत यायला वाट नसेल, तर आतला दाबही त्याच प्रमाणात, म्हणजे जवळजवळ १६ टक्के उतरतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण दीड मीटर खोल पाण्याचा जेवढा दाब, तेवढी ही ओढ असते. फिरत्या शाफ्टभोवती बसवलेल्या रबरी ऑइल सीलची कड आतलं ऑइल आत राहावं अशा बेताने वळवलेली असते. बाहेरून ओढल्या जाणाऱ्या पाण्याला ती फारशी अडवत नाही. हौसिंग आणि दोन्ही बाजूच्या नळ्यांत मिळून तीन लिटर हवा धरली, तर हिशेबाने अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी आत येऊ शकतं.

हे होऊ नये म्हणून ॲक्सलच्या नळीवर वरच्या अंगाला हवेची ये-जा होऊ देणारा ब्रीदर असतो. करंगळीच्या पेराएवढी टोपी, चिखल सुकला की जाम. मग उलटाही त्रास होतो: तापून फुगलेल्या हवेला वाट सापडत नाही आणि ती पिनियनच्या सीलमधून ऑइल बाहेर ढकलते. ‘दोनदा सील बदललं, तरी गळतंय’ अशी तक्रार असली की आधी ब्रीदर बघावा. सील बिचारं बहुतेक वेळा निर्दोष असतं.

आता ऑइल. क्राऊनच्या मध्यापेक्षा पिनियनचा मध्य खाली ठेवलेला असतो. त्यामुळे पिनियन मोठा आणि दणकट करता येतो, आवाजही कमी; पण दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, लांबीच्या दिशेने घसरतातही. त्या दाबाखाली साध्या ऑइलचा थर फाटतो. म्हणून इथे जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल लागतं. त्यातली गंधक आणि फॉस्फरसची संयुगं तापलेल्या पोलादाशी संयोग पावून दातांवर मऊ थर धरतात. झिजतो तो थर, पोलाद वाचतं. डबा उघडल्यावर येणारा उग्र वास याच गंधकाचा. हेच ऑइल उरलं म्हणून गिअरबॉक्समध्ये ओतू नये: तिथे जीएल-४ सांगितलं असेल, तर गिअर अलगद बसवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगांना जीएल-५ मानवेलच असं नाही. डब्यावरच्या ८०डब्ल्यू-९० मधला ९० पाहून ते इंजिन ऑइलपेक्षा दुप्पट दाट समजू नये. गिअर ऑइलची मोजपट्टी वेगळी आहे. तिथला ९० म्हणजे इंजिन ऑइलच्या साधारण ४० ते ५० एवढाच.

ऑइल बदलायच्या कामाला लागण्याआधी दहा-पंधरा किलोमीटर गाडी फिरवून आणावी. कोमट ऑइल भराभर उतरतं आणि तळाचा गाळही घेऊन येतं. पाणी शिरल्याचा संशय असेल तर मात्र उलट करावं. गाडी रात्रभर उभी ठेवावी, सकाळी आधी वरचा, भरायचा प्लग सुटतो हे बघून मग खालचा, ऑइल काढायचा प्लग जेमतेम ढिला करावा. पाणी जड, ते तळाशी बसलेलं असतं. आधी थेंब पाण्याचे आले तर निदान झालं. ऑइल आणि पाणी घुसळून एकजीव झालं असेल तर ही युक्ती चालत नाही, तिथे रंगच सांगतो.

गाडी सपाट जागी हवी. साताऱ्यात डोंगराच्या कुशीतल्या घरांना सपाट अंगण मिळणं अवघडच, पण उतारावर ऑइलची लेव्हल चुकते. या गाड्या उंच असल्याने बहुधा जॅक न लावताच खाली सरकता येतं. चाकांना उटी लावावी आणि तारेच्या ब्रशने दोन्ही प्लगांभोवतीचा चिखल काढावा.

आणि आधी वरचा, भरायचा प्लग उघडावा. खालचा नव्हे! सगळं ऑइल काढून मोकळं झाल्यावर वरचा प्लग हलेना, तर गाडी जागची हलवता येत नाही. गंजलेला दिसला तर आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारा स्प्रे मारावा, सकाळी हातोडीने हलके ठोके द्यावेत. काही प्लगांना चौकोनी खाच असते, त्यात रॅचेटचं टोक थेट बसतं. पाना निसटून कडा गोल झाल्या की दहा मिनिटांचं काम दिवसभराचं होतं.

खालच्या प्लगला चुंबक असेल तर त्यावरचा काळा, बोटाला गुळगुळीत लागणारा लेप नेहमीचाच. नखाने जाणवणारी कपची किंवा दाताचा तुकडा मिळाला, तर नवं ऑइल भरून उपयोग नाही, हौसिंग उघडावं लागेल. ऑइल दुधट असेल तर स्वस्तातलं, पण त्याच दर्जाचं ऑइल भरून पाच-सात किलोमीटर चालवावं आणि तेही काढून टाकावं. डिझेल मारून धुण्याची पद्धत आमच्या मते वाईट: कोपऱ्यात उरलेलं डिझेल नवं ऑइल पातळ करतं.

वॉशर नवं टाकून खालचा प्लग आवळावा आणि हातपंपाने किंवा बाटलीला नळी जोडून वरच्या भोकातून भरावं. मागच्या ॲक्सलला बहुतेक गाड्यांत दीड ते अडीच लिटर लागतं. नेमका आकडा आणि ग्रेड गाडीच्या पुस्तिकेतलाच धरावा. मागे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारं) असेल तर त्याचं वेगळं ऑइल किंवा ॲडिटिव्ह तिथेच दिलेलं असतं. पुस्तिकेत वेगळं सांगितलं नसेल तर भोकाच्या खालच्या कडेवरून ऑइल परत पाझरू लागलं की थांबावं. आत पंप नसतो, फिरणारा क्राऊनच ऑइल उडवतो. कमी भरलं तर घाट चढताना ते मागे सरकतं आणि पिनियनचं पुढचं बेअरिंग कोरडं पडतं. जास्त भरलं तर फेस होतो, आणि ॲक्सलच्या टोकाचं सील कच्चं असेल तर ऑइल ब्रेक ड्रममध्ये उतरतं.

जुनं ऑइल कॅनमध्ये भरून, वापरलेलं ऑइल जमा करणाऱ्या गॅरेजला द्यावं. गटारात ओतलेलं वेण्णेतून संगम माहुलीला कृष्णेत जातं.

ब्रीदरचं काम त्याच दिवशी उरकावं. टोपी काढून फुंकर मारून बघावी. शक्य असेल तर तिच्या जागी नळी जोडून वर, बोनेटखाली किंवा टेल लाइटच्या मागे न्यावी. ॲक्सल वरखाली होतो, म्हणून नळीला ढील ठेवावी.

रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवावा. सकाळी डाग हौसिंगच्या मधोमध असेल तर खालच्या प्लगचं वॉशर, गिअरबॉक्सकडून येणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या बाजूला असेल तर पिनियन सील, चाकाच्या आतल्या अंगाला असेल तर ॲक्सल सील.