‘देखभाल’ या एका शब्दाचा घोळ

सार्वजनिक पैशातून बाग ही कल्पना तशी फार जुनी नाही. इंग्लंडमधली बर्कनहेडची बाग १८४७ साली खुली झाली, ती अशा अगदी सुरुवातीच्या बागांपैकी. पुढे बराच काळ माळी एकाच बागेला बांधलेला असे. मग यंत्रे आली, आणि गाडीतून बागोबाग फिरणाऱ्या कामगारांच्या टोळ्या आल्या.

खरा घोळ १९८८ नंतरचा. ब्रिटनमध्ये कायद्याने बागांच्या देखभालीसाठीही स्पर्धात्मक निविदा सक्तीच्या झाल्या. निविदा काढायची तर ‘देखभाल’ मोजता यायला हवी. म्हणून ती फेऱ्यांत मोजली गेली. वर्षात इतक्या वेळा कापणी, इतक्या वेळा छाटणी. गवताला मात्र वेळापत्रक कळत नाही. पावसात दोन फेऱ्यांच्या मधे ते गुडघाभर वाढते आणि एका झटक्यात मुळापाशी कापले की पिवळे पडते, कारण एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचे नसते. कोरड्या दिवसांत न वाढलेले गवतही बिलापुरते कापले जाते. घाईत कापणीयंत्राची नायलॉन दोरी बुंध्याला घासते. साल सगळीकडून सोलली गेली की पानांतले अन्न मुळांपर्यंत उतरत नाही आणि झाड हळूहळू वाळते. कागदावर काम चोख!

२००० साली ती सक्ती उठली, फेऱ्या मोजायची सवय राहिली. लेखापरीक्षणाला फेऱ्या सोप्या पडतात, हे खरेच.

पर्याय आहे: काम नव्हे, स्थिती ठरवायची. गवत पाच ते आठ सेंटिमीटरच्या दरम्यान. बुंध्याभोवती मीटरभर वर्तुळात गवतच नको, तिथे पाच-सात सेंटिमीटर पालापाचोळा, खोडाला न टेकवता. पण ‘पुरेसे चांगले’ कोण ठरवणार, हा आक्षेप लगेच येतो. फोटो आणि मोजपट्टी घेऊन अचानक केलेली पाहणी, हे त्याचे साधे उत्तर.

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये १९९० च्या दशकात वेगळी वाट धरली गेली: बागेचे ४९ भाग, प्रत्येकाला एक जबाबदार माळी. तिथे देणगीचा पैसा मोठा, त्यामुळे सरसकट नक्कल जमणार नाही. जबाबदारी वाटायला मात्र देणगी लागत नाही. गळक्या नळाचा वायसर बदलायला दहा मिनिटे लागतात. पण नळ पाणी विभागाचा, दिवा वीज विभागाचा आणि नळाखालचा चिखल तेवढा उद्यान विभागाचा. त्या भागाच्या माळ्याकडे पाना, चार वायसर आणि किरकोळ दुरुस्तीचा अधिकार दिला, तर ही तक्रार तीन टेबलांवर फिरणारच नाही.