शेवटचं गाणं फिकं का वाजतं?

एलपी रेकॉर्डच्या प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं पहिल्याइतकं खणखणीत वाजत नाही, ही तक्रार जुनीच. खापर सुईवर फुटतं, पण मूळ दुखणं तबकडीच्या भूमितीत आहे. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांनी फिरणाऱ्या बारा इंची तबकडीच्या कडेला सेकंदाला सुमारे ५० सेंटीमीटर खाच सुईखालून सरकते; लेबलजवळ जेमतेम २१. म्हणजे १०,००० हर्ट्झची जी लहर बाहेर ०.०५ मिलिमीटर ऐसपैस पसरते, तिला आत ०.०२ मध्ये अंग चोरून बसावं लागतं. ही वळणं सुईला झेपत नाहीत आणि गायकाचे ‘स’, ‘श’ फिसकारू लागतात.

ज्या मूळ चकतीवरून रेकॉर्डचे साचे बनतात, तिच्यावर खाच कोरायची रूढ पद्धत लॅकरची. ॲल्युमिनियमच्या चकतीवर नायट्रोसेल्युलोजचा थर असतो आणि त्यावर माणकाची किंवा नीलमाची तापवलेली कोरणी चालते. ती गरम असली की भिंती गुळगुळीत येतात, खरखर कमी होते. निघणारा केसासारखा तंतू तिथल्या तिथे नळीने शोषून घ्यावा लागतो. कोरणीत अडकला तर चकती वाया, आणि हा पदार्थ भलताच ज्वालाग्राही. शिवाय लॅकर मऊ. नवी खाच कोरताना शेजारच्या फेऱ्याची भिंत किंचित दबते. म्हणूनच काही रेकॉर्डवर गाणं सुरू व्हायच्या १.८ सेकंद, म्हणजे बरोबर एक फेरा आधी, त्याची पुसट चाहूल लागते.

टेल्डेक आणि नॉयमन या जर्मन कंपन्यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला लॅकरऐवजी थेट तांब्यात कोरायला सुरुवात केली. तांबं असं दबत नाही, त्यामुळे ती चाहूल जवळजवळ नाहीशी होते आणि साचे बनवण्याच्या पायऱ्याही घटतात. या रेकॉर्ड कानाला टोचतात, असं काही जण म्हणतात. मला वाटतं, त्यातला बराचसा दोष कोरणाऱ्याच्या हाताचा असावा.

अर्ध्या वेगाच्या पद्धतीत मूळ ध्वनिमुद्रणाची टेप आणि कोरली जाणारी तबकडी दोन्ही निम्म्या गतीने फिरवतात. २०,००० हर्ट्झचा सूर कोरणीला १०,००० चा भासतो, वळायला दुप्पट वेळ मिळतो, कटरहेडमधल्या, म्हणजे कोरणी हलवणाऱ्या यंत्रातल्या, तारांची वेटोळी तापत नाहीत. पण ३० हर्ट्झचा खर्जही १५ वर उतरतो, आणि तिथे यंत्रणेचीच दमछाक होते.

खर्ज तसाही जागाखाऊ. आरआयएए या अमेरिकी रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेच्या १९५४ च्या मानकानुसार कोरताना तो दाबतात, वरचे सूर उचलतात आणि वाजवताना हिशेब उलटा करतात. तरीही एका बाजूत २५ मिनिटं कोंबायची तर खाचा बारीक आणि आवाज लहान करावाच लागतो. अशा वेळी कव्हरवर पद्धतीचं नाव कितीही मोठ्या अक्षरांत छापलेलं असो, फार फरक पडत नाही. त्यापेक्षा तेच संगीत दोन तबकड्यांवर, मिनिटाला ४५ फेऱ्यांनी कोरलं, तर प्रत्येक लहरीला ३५ टक्के जास्त लांबी मिळते.