नदीकाठची उद्याने आणि वस्त्या

शहरातील नदीच्या तीरावरच्या जुन्या वस्त्या, झाडी आणि मोकळी सार्वजनिक जागा यांचा एकत्रित वारसा. पिण्याचे पाणी आणि होड्यांची ये-जा यांसाठी माणूस काठाला राहिला, म्हणून शहराची सर्वांत जुनी वस्ती बहुधा नदीपाशीच सापडते. उद्याने मात्र तिथे बरीच उशिरा आली. एकोणिसाव्या शतकात बहुतेक औद्योगिक शहरांत काठावर होत्या त्या वखारी, कातडी कमावण्याचे कारखाने आणि सांडपाण्याची तोंडे.

१८५८ च्या उन्हाळ्यात टेम्स नदीच्या दुर्गंधीमुळे लंडनमध्ये पार्लमेंटचे कामकाज चालवणे कठीण झाले. त्यानंतर अभियंता जोसेफ बॅझलजेट यांनी शहरभर मलवाहिन्या बांधल्या. १८७० मध्ये खुल्या झालेल्या टेम्सकाठच्या व्हिक्टोरिया बांधाच्या पोटात मलवाहिनी आणि भुयारी रेल्वे आहे, तर माथ्यावर रस्ता आणि बागा. म्हणजे इथली बाग ही मुळात आरोग्याच्या कामाची उपज. शिकागोजवळचे रिव्हरसाइड हे उपनगर वेगळ्या विचारातून आले. १८६९ मध्ये फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट वॉक्स यांनी त्याची आखणी करताना रस्ते वळणदार ठेवले आणि नदीलगतची जमीन घरांच्या भूखंडांसाठी न विकता सर्वांसाठी राखली. १९७० मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

विसाव्या शतकात या काठांवर खरे संकट आले ते मोटारींचे. काठाची जमीन सपाट, सलग आणि बहुधा सरकारी, त्यामुळे रस्ता आखणाऱ्याला ती आयतीच मिळे. पॅरिसमध्ये सेनच्या उजव्या तीरावर १९६७ मध्ये द्रुतगती मार्ग झाला. त्याचा मध्यवर्ती भाग पादचाऱ्यांना परत मिळायला २०१६ साल उजाडले. अमेरिकेतील पोर्टलंडने १९७४ मध्येच काठचा महामार्ग बंद केला आणि पुढे तिथे उद्यान केले. संरक्षित यादीत नाव असले म्हणजे निभावते असेही नाही. जर्मनीतील ड्रेस्डेनजवळचे एल्बचे खोरे २००४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात आले आणि चौपदरी पुलाच्या बांधकामामुळे २००९ मध्ये यादीतून वगळले गेले.

या साऱ्यात स्पेनमधील व्हॅलेन्सियाची हकिगत सर्वांत बोलकी आहे. ऑक्टोबर १९५७ च्या पुरात तुरिया नदीने शहर बुडवले. पुढे नदीचा प्रवाहच शहराच्या दक्षिणेकडून नेण्यात आला आणि मधले पात्र कोरडे पडले. त्यातून महामार्ग नेण्याचा बेत होता. नागरिकांनी ‘तुरिया आमची आहे, ती आम्हाला हिरवी हवी’ अशी घोषणा देत तो हाणून पाडला. आज तिथे सुमारे ९ किलोमीटर लांबीची बाग आहे. शतकांपूर्वीचे दगडी पूल जागच्या जागी उभे आहेत. कमानींखालून पाण्याऐवजी सायकली आणि मुले जातात. मात्र ऑक्टोबर २०२४ च्या महापुरात जुने शहर सुरक्षित राहिले आणि नव्या प्रवाहाच्या दक्षिणेकडच्या गावांत भीषण जीवितहानी झाली. नदीकाठच्या कोणत्याही योजनेकडे पाहताना पाणी कुठे जाणार हा प्रश्न आधी विचारायला हवा, बाग किती देखणी हा नंतर.

दुसरा प्रश्न माणसांचा. काठ सुधारला की आसपासच्या जागांचे भाव आणि भाडी चढतात, आणि ज्यांनी दुर्गंधीच्या दिवसांत तिथे संसार केले त्यांनाच घर सोडावे लागते. इमारतींचे दर्शनी भाग जपून वस्ती जपली जात नाही. भाडेकरूंना संरक्षण आणि परवडणारी घरे यांची तरतूद जतनाच्या आराखड्यातच असावी लागते.

पूर आणि उद्यान यांची सांगड म्युनिकने इझार नदीवर चांगली घातली आहे. २००० ते २०११ या काळात शहरातल्या सुमारे ८ किलोमीटर पट्ट्यात पात्र रुंद केले, पक्के बांधीव काठ काढून गोट्यांचे उथळ किनारे केले. दगडी संरक्षक रांग प्रवाहापासून मागे, जमिनीत पुरून ठेवली आहे. तिच्या नदीकडच्या बाजूला मोठ्या पुरानंतर किनारे सरकतात, आणि ते तसेच राहू दिले जातात.